घाटात कधीमधी ओढ जाते, पण टर्बो बदलायच्या आधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बीएस फोर डिझेल पिकअप, सात-आठ वर्षं जुनी, तुम्ही कुर्ल्याचे, माल भिवंडीतून भरून नाशिकला. मुंबईत, ठाण्यात गाडी एकदम टकाटक. पण कसारा घाटात लोड असताना मध्येच ओढ जाते, चेक लाईट लागते, एक्सलेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम चढत नाही, साईडला घेऊन चावी बंद-चालू केली की परत ठीक. कधी दोन-तीन फेऱ्या काहीच नाही, कधी एकाच घाटात दोनदा. डिझेल फिल्टर बदलला, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बदलला, फरक शून्य, आणि आता गॅरेजवाला म्हणतो टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला, रिकंडिशन टाका.

टाकू नका. म्हणजे अजून तरी नाही.

कारण साधं आहे, टर्बोचं पोट ज्या गोष्टींनी खराब होतं, म्हणजे बेअरिंग झिजणं, पातं घासणं, शाफ्ट हलणं, त्या गोष्टी चावी फिरवून बऱ्या होत नाहीत. गेलेला टर्बो गेलेलाच राहतो, सोमवारी पण आणि मंगळवारी पण. जो प्रॉब्लेम येतो-जातो तो बहुतेक वेळा टर्बोला चालवणाऱ्या साखळीत असतो, म्हणजे व्हॅक्यूम (हवा खेचून केलेली पोकळी), सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), होज, सेन्सर, कपलर (वायरचा जोड), वायर. अपवाद एकच मोठा आणि त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण तुमच्या केसमध्ये माझा संशय तिथेच जास्त आहे.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट, जी फुकट आहे आणि कोणी करत नाही: प्रॉब्लेम *जातो कसा* ते लक्षात ठेवा. सगळे जण तो येतो कसा ते सांगतात. चावी बंद-चालू केल्यावर लगेच ठीक होत असेल तर याचा अर्थ गाडीच्या ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) स्वतःहून हात आखडता घेतला होता, त्याला काहीतरी न पटणारं दिसलं म्हणून त्याने डिझेल कमी केलं, चावी फिरवली की तो मागचं विसरून परत पहिल्यापासून सुरू करतो. याला लिम्प मोड म्हणतात. चावीने काही फरक पडत नाही पण अर्धा तास थांबून इंजिन थंड झालं की ठीक होतं, तर उष्णतेने काहीतरी बिघडतंय, सोलेनॉइडची कॉइल किंवा गरम झाल्यावर मऊ पडणारा होज. आणि चावी नाही, थांबणं नाही, फक्त चढ संपून सपाटी आली की आपोआप ठीक, चेक लाईट पण नाही, तर हवा कुठेतरी गळतेय किंवा अडतेय, किंवा डिझेलच कमी पडतंय. तुमचा पहिला प्रकार आहे. पण चावी फिरवल्यावर ठीक झाली याचा अर्थ "इलेक्ट्रॉनिक फॉल्ट आहे" असा नाही हं, ईसीयू फक्त ओरडला, तो कशाला बघून ओरडला ते शोधायचंय.

ते शोधायला कोड, म्हणजे ईसीयूने केलेली बिघाडाची नोंद. तुम्ही लिहिलंय की गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि कोड उडवले, पण कोड कुठला होता ते लिहिलेलं नाही, बहुतेक तुम्हाला सांगितलाच नसेल. इथेच निम्मी माहिती कचऱ्यात गेली. पुढच्या वेळी कोड उडवण्याआधी फोटो काढा, आणि फक्त कोडचा नाही, त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम असते तिचाही, म्हणजे कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, पाणी किती गरम, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) किती. पी ०२९९ असेल तर बूस्ट कमी पडला. पी ०२३४ असेल तर बूस्ट *जास्त* झाला. पी ०२३६ च्या आसपासचे कोड असतील तर सेन्सरचं वाचन पटत नाहीये, पी ००४५ असेल तर बूस्ट सोलेनॉइडच्या वायरिंगचं सर्किट, पी २२६३ आला तर एकूण बूस्टचा हिशोब जुळत नाही असा मोघम कोड, त्यावरून फार काही ठरवू नका.

कमी की जास्त, हे इतकं महत्त्वाचं आहे कारण दोन्हीत ड्रायव्हरला जाणवतं एकच, "ओढ गेली". पण दुरुस्ती अगदी उलटी. बूस्ट जास्त झाल्यावर पण ईसीयू इंजिन वाचवायला डिझेल कापतो आणि गाडी मेल्यासारखी होते. बूस्ट जास्त झालेल्या गाडीत तुम्ही कितीही होज तपासा, गळती सापडणारच नाही, उलट गळती असती तर बूस्ट जास्त झालाच नसता.

पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथवाला स्कॅनर आणि मोबाईल ॲप मिळतं, सगळ्या कमर्शियल गाड्यांशी तो बोलत नाही पण बोलला तर लाख मोलाचा. तो लावला की पहिलं काम, इंजिन बंद, चावी फक्त ऑन, मॅपचं रीडिंग बघा. मुंबईत १०० केपीएच्या (किलोपास्कल, दाबाचं माप) आसपास यायला पाहिजे, ते म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब. इगतपुरीला, म्हणजे ६०० मीटर उंचीवर, तेच ९४-९५ दाखवेल, ते बरोबर आहे, घाबरू नका. पण मुंबईत उभ्या गाडीत चावी ऑन करून ११५ किंवा ८५ दाखवत असेल तर सेन्सर, त्याचा कपलर नाहीतर सेन्सरला वीज देणारी ५ व्होल्टची लाईन, यापैकी काहीतरी खोटं बोलतंय. आणि हो, स्कॅनरवर जे २०० दिसतं ते सगळं टर्बोचं नसतं, त्यातले १०० बाहेरच्या हवेचे, टर्बोने घातलेले वरचे १००. मीटरवाल्या मिस्त्रीचा आकडा आणि स्कॅनरचा आकडा जुळत नाही म्हणून भांडणं झालेली बघितलीयेत, दोघंही बरोबर असतात.

मग रोड टेस्ट. इथे एक कळीची गोष्ट, चार रीडिंग एकत्र रेकॉर्ड करायची: ईसीयूने मागितलेला बूस्ट, खरा मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब), खरं रेल प्रेशर. आणि बघायचं काय, तर आधी कोण पडलं. रेल प्रेशर आधी कोसळलं आणि मागून बूस्ट पडला तर टर्बोचा काहीच दोष नाही, डिझेलच पोचलं नाही म्हणून एक्झॉस्टमध्ये जोर नाही म्हणून टर्बो फिरला नाही, मग पंप, लाईन, टाकीतली जाळी, पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी हे बघायचं. बूस्ट आधी पडला तर हवेकडे जा. धुराने पण कळतं, ओढ जाताना मागे काळा धूर सोडत असेल तर डिझेल पडतंय पण हवा नाही, धूर काहीच नसेल तर डिझेलच कमी मिळतंय, मग ते ईसीयूने कापलं असेल नाहीतर फिल्टरने. क्लिनरला सांगा मागे बघायला, आरशात नीट दिसत नाही.

टेस्ट कुठे करायची हा मुंबईत खरोखर प्रश्नच आहे. ईस्टर्न एक्सप्रेसवरचे फ्लायओव्हर काही कामाचे नाहीत, चढ सुरू होईपर्यंत संपतो. घोडबंदरला गायमुखचा चढ बरा आहे पण ट्रॅफिक असलं की पहिल्या गिअरमध्ये रांगताय. रिकामी गाडी घेऊन तर अजिबात उपयोग नाही, तुमच्या गॅरेजवाल्याने रिकामी गाडी एलबीएस रोडला फिरवून आणली आणि म्हणाला ठीक आहे, ती ठीक असणारच. माल भरा, खोपोलीवरून जुन्या रस्त्याने बोरघाट चढा नाहीतर तुमचा नेहमीचा कसारा, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून पूर्ण एक्सलेटर. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाला नाणं टाकायचं असेल तर टाका, पण मोबाईल बघायचं काम शेजारच्या माणसाचं, गाडी चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा.

आता तुमच्या गाडीत टर्बो कुठल्या जातीचा ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टर्बोच्या अंगाला एक गोल डबी असते, तिच्यातून एक रॉड निघून लिव्हरला जोडलेला असतो, तो अ‍ॅक्च्युएटर. इंजिन चालू करा, आयडलवर रॉड लगेच पूर्ण खेचला गेला आणि बंद केल्यावर परत गेला तर बहुतेक व्हॅक्यूमवर चालणारा व्हेरिएबल टर्बो, ज्याच्या आत छोट्या पात्या हलतात आणि एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करतात. आयडलला रॉड हललाच नाही आणि डबीला येणारी नळी टर्बोच्या हवेच्या बाजूकडून येत असेल तर साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेचा), त्यात बिघडायला कमी गोष्टी. डबीच्या जागी कपलर लावलेला प्लास्टिकचा डबा असेल तर इलेक्ट्रॉनिक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला व्हॅक्यूमची डबी दिसतेय म्हणून पुढे तेच धरून लिहितो.

या जातीत नियम लक्षात ठेवा: व्हॅक्यूम जास्त म्हणजे पात्या बंद, वाट अरुंद, बूस्ट जास्त. व्हॅक्यूम गेला म्हणजे पात्या उघड्या, बूस्ट कमी. म्हणजे व्हॅक्यूमची नळी फाटली तर कमी बूस्टचा कोड येतो, जास्तीचा नाही.

आणि आता तो अपवाद जो मी वर म्हटलं. मुंबईत गाडी काय करते? सायन ते ठाणे हजार-बाराशे आरपीएमवर रांगते. त्यावेळी पात्या जवळजवळ बंदच असतात, रॉड खेचलेलाच असतो, थोडासा इकडे-तिकडे. महिनोन्महिने पात्या त्यांच्या वाटेच्या छोट्याशा तुकड्यातच हलतात, बाकीच्या वाटेवर काजळी बसत जाते आणि भाजून घट्ट होते. मग अचानक तुम्ही टनभर माल टाकून कसारा चढता, एक्झॉस्टचा लोंढा येतो, ईसीयू व्हॅक्यूम सोडतो की बाबा आता पात्या उघड, आणि पाती काजळीत अडकते. बूस्ट मागितल्यापेक्षा वर जातो, ईसीयू घाबरतो, लिम्प मोड. थांबून इंजिन बंद केलं की स्प्रिंग जोर लावून पात्या सोडवते, चावी चालू, गाडी ठीक. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं, मुंबईत बरी आणि घाटात आजारी, चावीने बरी, आणि रोज नाही. तरी खात्री कोडनेच, पी ०२३४ निघाला पाहिजे.

हे हाताने तपासता येतं. इंजिन पूर्ण थंड असताना, हे परत सांगतो थंड असताना, अ‍ॅक्च्युएटरची नळी काढा, हाताचा व्हॅक्यूम पंप लावा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर टूल्सच्या दुकानात मिळतो, आणि हळूहळू ओढा. रॉड कुठल्या आकड्याला हलायला लागतो आणि कुठल्या आकड्याला पूर्ण जातो ते मॉडेलप्रमाणे वेगळं असतं, त्यामुळे आकड्यापेक्षा चाल बघा. एकसारखी, लोण्यासारखी चाल पाहिजे. मध्ये थांबला, मग टक्कन उडी मारून पुढे गेला, तर तिथेच काजळी. तसाच व्हॅक्यूम हळूहळू सोडतानाही बघा, खूपदा जाताना सरळ जातो आणि परत येताना अडकतो, आणि ओव्हरबूस्टला परत येणंच महत्त्वाचं. मी रॉडवर मार्करने बारीक खूण करतो आणि शेजारी पट्टी धरतो, मग ती उडी डोळ्याला स्पष्ट दिसते. पूर्ण ओढून पंप तसाच धरून ठेवा, मिनिटभर सुई जागची हलली नाही पाहिजे, हळूहळू उतरली तर डबीच्या आतला पडदा फाटलाय, टर्बो नाही फक्त डबी.

रॉड अडकतोय असं दिसलं तर लिव्हरवरून रॉडची क्लिप काढून दोघांना वेगळं करा, लिव्हर बोटाने हलवा. लिव्हर जड असेल तर पात्या, लिव्हर हलका असेल तर डबी. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने कितीतरी टर्बो वाचतात.

पात्या जाम निघाल्या तर टर्बो उतरवून गरम बाजूचं हाउसिंग वेगळं करून साफ करावं लागतं. स्प्रे मारून चालत्या इंजिनात साफ होतो म्हणून विकतात ते, थोडी काजळी असेल तर थोडे दिवस फरक पडतो, भाजलेली काजळी त्याने निघत नाही. उघडताना हाउसिंग आणि मधला भाग कसे बसलेत त्यावर आधी खूण करा, पात्यांची रिंग वाकडी करू नका, गॅस्केट नवीन, परत बसवल्यावर तेलाच्या भोकात ताजं ऑईल घालून मगच स्टार्ट. आणि लिव्हरची हद्द ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला आणि रॉडच्या लांबीला हात लावायचा नाही. आपल्याकडे ही फार वाईट सवय आहे, ओढ कमी वाटली की रॉड दोन आटे फिरवायचा, शहरात गाडी पळते, शेठ खुश, आणि घाटात ओव्हरबूस्ट. तुमची गाडी आधी कुठल्या गॅरेजला गेली असेल तर तिथल्या नटवरचा रंगाचा ठिपका तुटलाय का ते बघा, तुटला असेल तर कोणीतरी हात साफ केलाय.

आता समजा कोड उलटा निघाला, पी ०२९९, बूस्ट कमी. मग व्हॅक्यूम. याची सगळ्यात भारी टेस्ट जुनी आहे आणि तिला कॉम्प्युटर लागत नाही. दोन टी (तीन तोंडांचे नळीचे जोड), दोन व्हॅक्यूम मीटर, थोडी लांब नळी. एक टी व्हॅक्यूम पंपाकडून सोलेनॉइडला येणाऱ्या नळीत, दुसरा सोलेनॉइडकडून अ‍ॅक्च्युएटरला जाणाऱ्या नळीत, नळ्या बॉनेटच्या फटीतून खिडकीने आत आणा, कुठे चिमटली नाही ना बघा, मीटर डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावा आणि घाट चढा. पहिला मीटर म्हणजे पुरवठा, तो मुंबईत ६५० ते ७०० मिमी पाऱ्याच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. वर इगतपुरीला पोचेपर्यंत साधारण ५० मिमी आपोआप कमी होतो कारण हवाच पातळ, ते सोडून द्या, पण आधीच मरतुकडा पंप असेल तर तो घाटमाथ्यावरच उघडा पडतो. पुरवठाच कोसळला तर पंप नाहीतर गळती, आणि त्यात ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर असतो हे विसरू नका. ब्रेक कडक लागतो का कधीकधी? लागत असेल तर टर्बो सोडा आधी तेच बघा, हे ओढीपेक्षा जास्त गंभीर आहे, तशी गाडी घाटात उतरवायचीच नाही.

पुरवठा ठीक आणि दुसरा मीटर पडला तर इथे जरा थांबून विचार करा. बूस्ट मागितल्याएवढा मिळाल्यावर ईसीयू स्वतःच व्हॅक्यूम कमी करतो, पात्या उघडायला, ते नॉर्मल आहे, त्याला फॉल्ट समजू नका. खरा फॉल्ट तो, जेव्हा बूस्ट मागितल्यापेक्षा कमी आहे आणि तरीही दुसऱ्या मीटरचा व्हॅक्यूम वाढत नाही. मग सोलेनॉइड किंवा त्याची वायर. आणि दुसरा मीटर भरपूर दाखवतोय, ईसीयू जीव तोडून ओढतोय, तरी बूस्ट येत नाही, तर पात्या उघड्या अडकल्यात, किंवा हवा गळतेय, किंवा ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिलाय. घाटाच्या एका फेरीत तीन वाटांपैकी दोन बंद होतात, म्हणून मला ही टेस्ट आवडते.

सोलेनॉइडला बहुतेक गाड्यांत एक छोटा श्वास घ्यायचा फिल्टर असतो, स्पंजचा, तो मुंबईच्या धुळीने काळा ठिक्कर झालेला असतो, आधी तो. मग कॉइलचा रेझिस्टन्स थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, गरम झाल्यावर एकदम उघडं सर्किट दाखवत असेल तर सापडला चोर. ईजीआरचा सोलेनॉइड सेम टू सेम असेल तर अदलाबदल करून बघा, पार्टचा खर्च शून्य.

नळ्यांचं म्हणाल तर मुंबईत दोन शत्रू. एक उष्णता, एक्झॉस्टजवळची पातळ रबरी नळी टोकाला कडक होऊन चीर पडते, हाताने हलवली की उघडते, सोडली की मिटते. दुसरा उंदीर-घुशी. रात्री गाडी चाळीच्या गल्लीत नाहीतर मार्केटच्या बाहेर उभी असते, वर इंजिन गरम, घुशीला आयतं घर. नळी पूर्ण तोडली तर लगेच कळतं, पण नुसते दात लावले तर बारीक भोक, जे आयडलला कळतच नाही.

मोठ्या होजमध्ये मुख्य दोन प्रकार. इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होजला खालच्या बाजूला, जिथे हात जात नाही, तिथे चीर असते जी फक्त दाबाखाली उघडते. तिथे तेलकट धुळीचा पट्टा दिसेल, तो पट्टाच पत्ता. होजमध्ये आतून थोडं तेल ओलसर असणं चालतं, इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं, लगेच टर्बोची सील गेली म्हणून ओरडू नका, वाटीभर तेल साचलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा प्रकार फसवा, एअर फिल्टर ते टर्बोमधला होज. तो गरम होऊन मऊ पडतो आणि पूर्ण खेचीला आत चिपटतो, घट्ट मिल्कशेक ओढताना कागदी स्ट्रॉ चिपटते ना तसा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो गोल गरगरीत. आणि कधी होजच्या आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, बाहेरून काही दिसत नाही, बोट घालून चाचपावं लागतं. पावसाळ्यात एअर फिल्टरचा कागद भिजून फुगला तरी तेच होतं, दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर फिल्टरचा डबा उघडून बघाच.

गळती बघायची तर इंटरकूलरची लाईन दोन्ही टोकांना बूच मारून हवा भरा, साबणाचं पाणी मारा. पण रेग्युलेटर लावून, १ बारच्या वर नाही. टायरवाल्याची हवा थेट सोडली तर बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं, तोंड समोर ठेवायचं नाही.

वायरिंगवर एकच सांगतो, आपली हवा खारट आहे. एक मासळीची गाडी आमच्याकडे आली होती, भाऊच्या धक्क्यावरून रोजचा माल. तिलाही म्हणे टर्बो टाकायला सांगितलेलं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चॅसिसवर गळून इंजिनच्या आर्थिंगची पट्टी बोल्टपाशी हिरवी पडलेली, वरून इन्सुलेशन ठीक, आत तारेचा भुगा. बूस्टचे, रेलचे, ईजीआरचे असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकाच वेळी यायचे, तिथेच वास आला की हे एका पार्टचं काम नाही. पट्टी नवीन टाकली, बसायची जागा घासून ग्रीस लावलं, काम झालं. तुमच्याकडे पण एकापेक्षा जास्त असंबद्ध कोड निघाले तर पहिला हात आर्थिंगला आणि ५ व्होल्टच्या लाईनला, कारण एक सेन्सर शॉर्ट झाला तर त्याच लाईनवरचे बाकी सगळे खोटं बोलतात. इंजिन चालू ठेवून कपलर हलवा, वायर ओढा, स्कॅनरवर आकडा उडी मारतो का बघा.

मॅप सेन्सर तुम्ही बदललाय, पण नवा असला तरी त्याच्या बसण्याच्या भोकात काजळी भरली असेल तर नवा सेन्सर पण उशिरा बोलणार. भोक साफ केलं होतं का विचारा. आणि ईजीआर अडकतोय का याची एक टेस्ट, व्हॅक्यूमचा ईजीआर असेल तर त्याची नळी काढून नळीच्या तोंडात स्क्रू घाला, एक घाट चढून बघा, ईजीआरचा वेगळा कोड येऊ शकतो, येऊ द्या. फरक पडला तर ईजीआर काढून साफ करा. पत्र्याची चकती लावून कायमचा बंद करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, पीयूसी आणि कोडची डोकेदुखी वेगळीच लागते.

ज्यांच्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, त्यांनी वरच्या सगळ्याच्या आधी डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) किती भरलाय ते बघा, शहरात रांगणाऱ्या गाडीत तो जळून साफ होतच नाही, एक्झॉस्ट तुंबला की टर्बो काय करणार.

टर्बो खरंच गेलाय का हे कसं ओळखायचं? इंजिन थंड आणि बंद, इनलेटचा होज काढा, शाफ्टचं टोक धरून हलवा. आडवं किंचित हलणं चालतं, तेल नसताना तेवढं असतंच. आत-बाहेर हललं जाणवेल इतकं, किंवा पातं बॉडीला घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या, तर गेला. सायरनसारखा वाढता आवाज आणि निळा धूर एकत्र असेल तर गाडी चालवूच नका, सील पूर्ण गेली तर इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही. तसं झालंच तर ब्रेक दाबून ठेवून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मारायचं, बॉनेटमध्ये डोकं घालायचं नाही.

शेवटी तसंच निघालं आणि टर्बो टाकावाच लागला तर फक्त टर्बो टाकून घेऊ नका. ऑईल फिल्टर, ऑईल, टर्बोला तेल देणारी बारीक नळी नवीन किंवा आतून पूर्ण मोकळी, परत जाणारी जाड नळी मोकळी, इंटरकूलरमधलं जुनं तेल आणि पात्यांचे तुकडे धुऊन काढलेले. नाहीतर जुना ज्या कारणाने मेला त्याच कारणाने नवा मरणार आणि रिकंडिशनवाला म्हणणार फिटिंगचा दोष. नुसता कोअर (मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग) बदलून रिकंडिशन म्हणून देतात, पात्यांची रिंग जुनीच, त्यामुळे विचारा की पात्यांची बाजू उघडली का आणि सेटिंग फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशीनवर) केलं का. जुना टर्बो परत मागून घ्या, आणि नव्याच्या प्लेटवरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, गॅरंटीच्या वेळी तोच विचारतात. आधी तो कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.